द्राक्षमद्य आणि देशनाम

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार सांगितलेले आहेत. पहिल्या पाचांपैकी बहुतेकांविषयी तो ग्रंथकार स्वयंपाक्याच्या तपशिलाने बोलतो: किती द्रोण पाणी, किती आढक तांदूळ, पीठ किती, गूळ किती, मसाला कोणता. सहाव्याशी मात्र येऊन तो थबकतो. मधु म्हणजे द्राक्षांचा रस, एवढेच तो सांगतो, आणि त्याची ओळख त्याच्या स्वदेशावरूनच करावयाची असे म्हणून कापिशायन व हारहूरक ही दोन नावे देतो. त्यांपैकी कापिशायन म्हणजे कापिशी नगरीचे, आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामच्या परिसराचे. पाणिनीनेही ह्या कापिशायन शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. पाटलीपुत्राच्या अधिकाऱ्यास जे मद्य स्वतः करता येत नव्हते, त्याची कृती तो काय लिहिणार? जेथून ते येई त्या देशाचे नाव घेणे हीच त्याची परीक्षा.

कालिदासही हेच करतो. रघूचा दिग्विजय पूर्वेकडून कलिंगात पोहोचतो तेव्हा त्याचे सैनिक नारळीचे आसव पितात; पारसिकांचा पराभव झाल्यावर ते द्राक्षवेलींनी वेढलेल्या भूमीवर मृगाजिने अंथरून द्राक्षमद्याने श्रम घालवितात. जसा देश, तसे पेय. ह्या कवीने विदर्भाची वाट चांगली पाहिली असावी असे आमच्या प्रांतातील पंडित मानतात. पण विदर्भात द्राक्षांचा मांडव असल्याचे त्याने चुकूनही म्हटलेले नाही.

द्राक्षे न पिकणाऱ्या वाशीम जिल्ह्यात बसून हा विषय आम्ही का काढला, असे वाचक विचारतील. कारण असे की, गावाचे नाव गुणाला देण्याची जी रीत आज फ्रान्सातील मद्यव्यवसायाच्या मुळाशी आहे, तिच्याविषयीचा सर्वांत सूक्ष्म वाद ज्या नावांवरून झाला, त्यांत वाशीमचे नाव आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने कर्पूरमंजरीत काव्यरीती मोजताना वैदर्भी रीतीस प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हटले आहे, म्हणजे वत्सगुल्माची. आणि काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचा व साहित्यविद्येचा विवाह ह्याच नगरात लावून दिला आहे. एखाद्या गावाचे नाव उत्तम शैलीचे नाव व्हावे ह्याहून मोठा मान कोणता? परंतु आठव्या शतकातला काश्मीरचा वामन ह्या मानाकडे भाबडेपणाने पाहत नाही. त्याची शंका अशी: पदार्थांचे गुण जसे त्या त्या देशामुळे उपजतात तसे काव्याचे गुण देशामुळे उपजतात काय, की ज्यामुळे रीतीस देशाचे नाव द्यावे? आणि त्याचे उत्तर, नाही. ती शैली विदर्भात आढळली म्हणून तिला ते नाव पडले, इतकेच. देशाने काव्यावर काही उपकार केलेला नाही. कुंतकाने तर ह्या नावांची थट्टाच केली. मामेबहिणीशी लग्न करणे हा देशधर्म असू शकतो, काव्य करणे हा नव्हे, असा त्याचा टोला आहे. (दक्षिणेकडील वाचकांनी तो मनावर घेऊ नये.) उलट बिल्हण काश्मीर सोडून कल्याणीच्या चालुक्यांकडे राहावयास आला आणि तेथे बसून म्हणाला की, कविता ही केशराची सख्खी बहीण, शारदेच्या देशाबाहेर ती उगवतच नाही. देश सुटला की देशाचा गुण असा आठवू लागतो.

वामनाच्या शंकेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पदार्थांचे गुण देशामुळे उपजतात, ह्याबद्दल त्यास मुळीच संशय नव्हता. केशर, द्राक्षे, चंदन ह्यांस तो नियम लागू आहेच. प्रश्न फक्त काव्याचा. आम्हांस येथे उलट बाजूने विचारावयाचे आहे. द्राक्षमद्य तरी आपल्या देशनामाशी खरोखर इमानी असते काय? ह्या परीक्षेसाठी सिराह नावाच्या काळ्या द्राक्षाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

तत्पूर्वी घरचा पुरावा पाहून घेऊ. वत्सगुल्म ह्या नावाची स्थानिक माहात्म्यात एक कथा आहे, ती वत्स ऋषीच्या तपश्चर्येशी हे क्षेत्र जोडते. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत दुसरीच कथा आहे, तीत वत्स आणि गुल्म हे दोन दक्षिणी राजपुत्र. दोन्ही कथा नावाची फोड करून रचलेल्या दिसतात. मग १९३९ साली वाशीमलाच वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीचा ताम्रपट सापडला, आणि वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होती हे निश्चित झाले. ह्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे हरिविजय काव्य आज लुप्त आहे. कथेने जे सांगितले नव्हते ते तांब्याने सांगितले.

ह्या ताम्रपटात दान दिलेल्या गावास ज्या सवलती मिळाल्या त्यांच्या यादीत मीठ आणि ‘क्लिन्न’ ह्यांचा उल्लेख एकत्र येतो. क्लिन्न म्हणजे भिजून आंबलेले, प्रा. वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी ह्याचा अर्थ मद्य असा लावून, मीठ खणण्याचा व मद्य खरेदीचा राजाचा हक्क त्या गावापुरता सोडून दिला, असे स्पष्टीकरण केले आहे. म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकात वऱ्हाडात मद्य होते, त्यावर सरकारचा हात होता, आणि ब्राह्मणांच्या अग्रहारातून तो हात मागे घेतला जात होता. अबकारी खात्याचे इतके जुने कागद फार थोड्या प्रांतांपाशी असतील. पण हे मद्य द्राक्षांचे होते असे त्यात एक अक्षरही नाही. मोहाच्या आणि शिंदीच्या मुलखात द्राक्षांची काय गरज?

द्राक्षमद्याचा भास होतो तो अजिंठ्यास. वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्याने तेथील १६ वे लेणे कोरविले. बहुतेक संशोधक पहिले व सतरावे लेणेही हरिषेणाच्याच काळातले मानतात. सतराव्या लेण्याच्या ओसरीत राजपुत्र आपल्या प्रियेस मद्याचा चषक देत आहे, आणि पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या व पायमोजे घातलेला एक परदेशी सरदार चषक हाती घेऊन बसला आहे. १८७९ मध्ये फर्ग्युसनने ह्या सरदारास इराणचा बादशहा खुस्रू परवीझ आणि शेजारच्या स्त्रीस शिरीन ठरविले, आणि चित्राचा संबंध पुलकेशीच्या दरबाराशी लावला. पुलकेशी सातव्या शतकातला. लेण्यांचा काळ आता जवळपास दीडशे वर्षे मागे गेल्यावर ही ओळख टिकत नाही. तरी तो मनुष्य इराणी आहे आणि पीत आहे, हे खरेच. आमच्या चित्रकाराच्या मनात द्राक्षमद्य व पारसिक ह्यांची जोडी कालिदासाइतकीच पक्की होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. चित्रातला चषक हा आयातीचा दाखला आहे, लागवडीचा नव्हे.

आयात त्याहीपूर्वीची. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्य अग्रभागी आहे: प्रथम पसंती इटलीच्या, मग सीरियातील लाओदिकेयाच्या व अरबस्तानच्या मद्यास. तेथून पैठणास व तेरास वाटा जात. नेवाशाच्या उत्खननात, १९५४ ते ५६ च्या दरम्यान, हसमुख सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांस रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. येथेही पाहावे, व्यापाऱ्याने मालाचे नाव देशावरूनच घेतले आहे. तिन्ही नावे स्थळांची. द्राक्षाच्या जातीचे एकही नाही.

आता सिराहकडे वळू. फ्रान्सच्या आग्नेय भागात, लिओं शहराच्या दक्षिणेस, रोन नदीच्या डाव्या तीरावर तँ नावाचे लहान गाव आहे, आणि त्याच्या माथ्यावर दक्षिणेस तोंड केलेली एर्मिताजची टेकडी. तिच्यावरील द्राक्षमळे सुमारे १४० हेक्टर, म्हणजे साडेतीनशे एकरांच्या जवळपास. आपल्याकडील एका मध्यम गावाची शिवारही ह्याहून मोठी असते. पश्चिमेकडे ग्रॅनाइटचा कातळ, पूर्वेकडे गोटे, चुनखडी आणि वाऱ्याने आणलेली माती. उतार इतका उभा की दगडी बांध घालून पायऱ्या केल्याखेरीज माती राहत नाही, आणि उत्तरेकडून मिस्त्राल वारा असा सुटतो की प्रत्येक वेलीस खांबाला बांधावे लागते. ह्या टेकडीवर तांबड्या मद्यासाठी सिराह ही एकच काळी जात लावतात.

हे द्राक्ष तेथे आले कोठून? कथा अशी की, गास्पार द स्तेरँबेर नावाचा सरदार धर्मयुद्धातून परतताना विरक्त झाला, १२२४ मध्ये राणीच्या अनुज्ञेने ह्या टेकडीवर एकांतवासासाठी कुटी बांधून राहिला आणि त्याने द्राक्षे लावली. एर्मिताज म्हणजे तपस्व्याची कुटी. पुढे कथेस पालवी फुटली: द्राक्षाची काडी त्याने इराणातील शिराझहून आणली. वस्तुतः त्याचे धर्मयुद्ध दक्षिण फ्रान्सातल्याच पाखंड्यांविरुद्धचे होते, आणि शिराझ तर धर्मयोद्ध्यांच्या वाटेवरही नव्हते. पण नावाचा ध्वनी जुळला की भूगोल कोण पाहतो? वत्स ऋषीच्या कथेतही हेच झाले होते. सिराहविषयी कोणी सिसिलीच्या सिराक्यूजचे नाव घेई, कोणी ग्रीसच्या सिरोस बेटाचे. इंग्रजी वसाहतींत ह्या द्राक्षाचे नावच ‘शिराझ’ होऊन बसले.

शिराझचे मद्य हे स्वतः काल्पनिक नव्हते. सतराव्या शतकात इंग्रज व डच व्यापारी ते बाटल्यांत भरून हिंदुस्थानात आणीत, आणि त्यांच्या वखारींत व मोगल अमिरांच्या मेजवान्यांत त्याची मोठी प्रतिष्ठा होती. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात मद्यनिर्मितीवर बंदी आली. म्हणजे आज जगभर बाटल्यांवर ज्या नगराचे नाव मिरवते, त्या नगरात उघडपणे एक थेंबही गाळता येत नाही. नावाची अशी विटंबना दुसऱ्या कोणत्या पदार्थाच्या वाट्यास आली असेल असे आम्हांस वाटत नाही.

वाशीमच्या बाबतीत ताम्रपटाने जे केले ते सिराहच्या बाबतीत वनस्पतींच्या आनुवंशिक परीक्षेने केले. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्सातील मोंपेलिए येथील संशोधक ह्यांनी सिराहचे जनक शोधून काढले. एक द्युरेझा, रोनच्या पश्चिमेकडील आर्देश भागातले काळे द्राक्ष. दुसरे मोंदूझ ब्लांश, सव्वाच्या डोंगरांतले पांढरे. दोघेही त्या टेकडीपासून फार दूरचे नव्हेत. इराण नाही, सीरिया नाही, धर्मयोद्धा नाही. शेजारच्या दोन साध्या घराण्यांतली सोयरीक. पूर्वी एखादा सरदार तलवारीच्या बळावर मोठा झाला की भाटाकडून आपली वंशावळ सूर्यवंशापर्यंत नेऊन घेई. द्राक्षांच्या भाटांनीही तेच केले, आणि ह्या द्राक्षास त्याची मुळीच गरज नव्हती.

कारण त्याचा मोठेपणा त्याच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव काळाच्या हाती दिल्यावाचून कळत नाही. सिराहचे मणी लहान, साल गडद. सालीत रंग आणि तुरटपणा भरपूर. नवे मद्य जांभळासारखे जिभेस आवळून धरते, आणि त्यास मिऱ्याचा एक विशिष्ट वास असतो. ह्या वासाचे कारण असलेले रोटंडोन हे द्रव्य ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ओळखले. बाटलीत निजवून ठेवल्यावर तुरट द्रव्ये व रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांस धरतात, मोठी होतात आणि जड होऊन गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. तुरटपणा निवळतो, जांभळा रंग विटेच्या रंगाकडे झुकतो, ताज्या फळाचा वास जाऊन कातडे, सुके अंजीर, ओली माती असे काही तरी त्या जागी येते. ह्यास पंधरा-वीस वर्षे लागतात, कधी त्याहून अधिक, आणि तळघर बारा-पंधरा अंशांवर स्थिर असावे लागते. पॉल झाबुले ह्यांच्या पेढीचे १९६१ सालचे ‘ला शापेल’ हे एर्मिताज विसाव्या शतकातील श्रेष्ठ मद्यांत गणले जाते. त्याचे नाव टेकडीवरील लहान प्रार्थनामंदिरावरून पडले आहे.

जुनेपणाने गुण वाढतो ही कल्पना आपणांस परकी नाही. औषधी वर्षभरात निर्वीर्य होतात, पण आसवे, धातू आणि रस जितके जुने तितके गुणी, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. आपल्या घरांत द्राक्षासवाची बाटली कपाटात असे, तिच्या मागे हाच विचार होता. फरक एवढाच की वैद्याने जुन्या आसवात बल पाहिले, रोनच्या माणसाने त्यात आपल्या टेकडीची चव पाहिली. सर्वच मद्ये जुनी होऊन सुधारत नाहीत. बहुतेक नुसतीच म्हातारी होतात. जे सुधारते त्याच्यामागे द्राक्षाची जात, कातळ, ऊन आणि करणाऱ्याची सबुरी हे सर्व एकत्र आलेले असते. देशनामास अर्थ येतो तो येथे. वामनाच्या भाषेत बोलावयाचे तर हा देशाचा पदार्थावरील उपकार.

ह्या उपकारावर लोकांनी डल्लेही मारले. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपली फिकी मद्ये बळकट करण्यासाठी त्यांत एर्मिताज मिसळीत, आणि अशा मिश्रणास भाव अधिक येई. फसवणूक म्हणावी तर ती उघड होती. ह्या क्रियेस त्यांनी एर्मिताजवरून क्रियापदही बनविले होते. मग १८६० नंतर फिलोक्सेरा नावाच्या मुळे कुरतडणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले, आणि अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच डोळा बांधून ते पुन्हा उभे करावे लागले. म्हणजे ह्या टेकडीवरील आजची वेल जमिनीखाली अमेरिकन आहे! तरीही १९३७ मध्ये एर्मिताज ह्या नावास कायद्याची कुंपणे पडली. त्या टेकडीबाहेरच्या द्राक्षास ते नाव लावणे फ्रान्सात गुन्हा झाला.

समुद्रापलीकडे मात्र तो कायदा चालेना. जेम्स बस्बी ह्या गृहस्थाने १८३१ मध्ये स्पेन व फ्रान्समधून फिरून काड्यांचा मोठा संग्रह केला आणि पुढील वर्षी तो सिडनीस पोहोचला. तेथून सिराह ऑस्ट्रेलियात पसरली. १९५१ मध्ये पेनफोल्ड्सच्या मॅक्स शूबर्ट ह्यांनी दीर्घकाळ टिकेल असे तांबडे मद्य करून पाहिले, त्यास ‘ग्रेंज हर्मिटेज’ म्हणत. आरंभी वरिष्ठांनी ते बंद करावयास सांगितले, शूबर्ट चोरून करीत राहिले, आणि ते मुरल्यावर तेच वरिष्ठ त्याची तारीफ करू लागले. परंतु हर्मिटेज हे नाव त्यांचे नव्हते. युरोपीयांच्या आक्षेपानंतर १९९० च्या मद्यापासून त्यांनी ते टाकले. शिराझ हे नाव राहिले, कारण त्यावर हक्क सांगावयास शिराझहून कोणी आले नाही.

ह्या द्राक्षाचा महाराष्ट्रातील प्रवेश अगदी अलीकडचा. नारायणगावास शामराव चौगुले ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात फेसाळ मद्याचा कारखाना चालविला. राजीव सामंत ह्यांनी गंगापूर धरणाजवळ सावरगाव येथे लावलेल्या मळ्यांतून सुला ह्या नावाची पहिली मद्ये २००० साली बाहेर आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, आणि दिंडोरी, निफाड, नाशिक ह्या तालुक्यांत खाण्याच्या द्राक्षांशेजारी मद्याची द्राक्षे दिसू लागली. तांबड्यांत शिराझ हीच पुढे आली. तिला ऊन मानवते आणि आमच्या काळ्या कातळाच्या मातीशी तिने जमवून घेतले.

पण जमवून घेताना तिचे जीवनच बदलले. रोनच्या काठी वेल हिवाळाभर निजते, वसंतात फुटते, सप्टेंबरात तोडणी होते. नाशकात ती निजत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा पानांवर काढावयाचा, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळांची छाटणी. घड पिकतात ते जानेवारी ते मार्च. वर्षातून दोनदा कात्री सोसून ती एकदाच फळते. पिकण्याच्या दिवसांत रात्री गार असतात, हा नाशिकचा मोठा गुण. पण पुढे ऊन चढत जाते आणि साखर तुरटपणाच्या आधी तयार होते. म्हणून येथील बहुतेक शिराझ दोन-चार वर्षांत प्यावयाच्याच असतात. काही निवडक मद्ये ओकच्या पिंपात वर्षभर ठेवतात. ती वीस वर्षांनी काय होतील हे वेलींच्या वयावर, आणि मे महिन्यात तळघर गार ठेवणाऱ्या विजेवर अवलंबून आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ ह्या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कुंपण पडले आहे. आतील गुण अजून घडत आहे. एर्मिताजास कुंपण पडले तेव्हा गुण कित्येक शतके आधीच सर्वमान्य झालेला होता, हा क्रम ध्यानात ठेवावा.

ह्या मद्याच्या कौतुकासाठी कोणी अजिंठ्याचा चषक पुढे करील, कोणी कौटिल्याचे मधु, तर त्यास आमचा विरोध आहे. तो चषक पारसिकाचा आहे, ते मधु कापिशीचे आहे, आणि वाशीमच्या ताम्रपटातील क्लिन्न कशाचे होते हे तो ताम्रपट सांगत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे कमावले ते त्याचे स्वतःचे आहे. त्यास वाकाटकांची वंशावळ जोडणे म्हणजे स्तेरँबेरच्या काडीस शिराझला नेऊन पोहोचविणे होय. आम्ही प्राचीन इतिहास शिकविण्याचे काम करतो, आणि ज्या काळाच्या नावे खोटी पुण्याई वाटली जाते तोच काळ आमच्या वाट्याचा असल्यामुळे ह्या बाबतीत थोडे कडक बोलतो. आणि मद्याचा इतिहास लिहिणे म्हणजे मद्याची शिफारस नव्हे, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

नाशिकचे जे तांबडे मद्य आज देशात पुष्कळांस ठाऊक आहे त्याचे नाव ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’. एका चिठ्ठीवर दोन स्थळनामे. त्यांतले जे दूरचे व ऐकावयास भारदस्त आहे त्याचा त्या द्राक्षाशी काही संबंध नाही. जे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील तालुक्याचे आहे ते अक्षरशः खरे आहे. वत्सगुल्माची वच्छोमी लोक विसरले, आणि ती रीती तेवढी वैदर्भी म्हणून राहिली. ह्या चिठ्ठीवरचे कोणते नाव राहील हे ठरावयास अजून पुष्कळ हंगाम जावयाचे आहेत.